पुसलेल्या ओळी

१

संपादकांचा आवाज गेला तेव्हा घरात त्यांच्याखेरीज चौघं जण होते, आणि चौघांनीही ‘मी हात लावला नाही’ असंच सांगितलं.

आवाज म्हणजे पलंगासमोर लोखंडी दांड्यावर बसवलेला काँप्युटर. आजाराने संपादकांचे आधी हात नेले, मग पाय, मग जीभ. उरले होते फक्त डोळे. स्क्रीनच्या खालच्या कडेला एक कॅमेरा होता. संपादक ज्या अक्षरावर नजर रोखत ते अक्षर उमटे. ओळ पुरी झाली की ‘बोल’ लिहिलेल्या चौकोनाकडे बघायचं, आणि काँप्युटर ती ओळ म्हणून दाखवायचा. तीही त्यांच्याच आवाजात. जीभ शाबूत होती तेव्हा माइकसमोर बसून त्यांनी शेकडो वाक्यं वाचून ठेवली होती, त्यातून तो आवाज घडवलेला होता.

आज त्या स्क्रीनवर निळ्या रंगात पांढरी अक्षरं होती : ‘बदल मागे घेतले जात आहेत. काँप्युटर बंद करू नका.’ जरा वेळाने स्क्रीन काळी पडायची, परत निळी व्हायची, आणि तीच अक्षरं यायची. कालपासून हेच चाललं होतं.

इंजिनिअरबाई सकाळी आल्या. आखूड कापलेले पांढरे केस, पाठीवर सॅक, पायात कापडी बूट. बंद पडलेल्या काँप्युटरमधून माणसांचं सामान बाहेर काढणं हाच त्यांचा धंदा. खोलीत आल्यावर त्या आधी पलंगापाशी गेल्या.

“नमस्कार. तुमच्या काँप्युटरसाठी आलेय. तुम्हाला नीट ऐकू येतं हे मला माहीत आहे, त्यामुळे ओरडून बोलणार नाही.”

संपादकांनी डोळे वर केले. वर म्हणजे हो, मिटले म्हणजे नाही. बाकी चेहरा जसाच्या तसा. नाकावर श्वासाच्या यंत्राचा मास्क होता आणि यंत्राची सुस्कारल्यासारखी लय खोलीभर पसरली होती.

बाईंनी स्क्रीन एकदा पाहिली. जुनी सिस्टिम काढून नवी घालायचं काम अर्ध्यात अडकलं होतं. नवी बसत नव्हती, जुनी परत येत नव्हती.

“अपग्रेड कोणी सुरू केलं?”

संपादकांचा मुलगा बाईंना दारापर्यंत घेऊन गेला. विशीतला, डोळ्यांखाली जागरणाची वर्तुळं.

“तेच तर कळत नाही,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “पण माझी खात्री आहे, हे कुणीतरी मुद्दाम केलंय. आणि बरोब्बर कालच.”

२

मुलाने जे सांगितलं ते असं. संपादकांच्या छातीचे स्नायू थकत चालले होते. मास्कने आता फार दिवस भागणार नव्हतं. गळ्याला छिद्र पाडून नळी बसवली तर यंत्राच्या आधाराने काही वर्षं निघाली असती, पण मग कायमचं त्या यंत्राला बांधलेलं राहायचं. नळी नको असेल तर डॉक्टर त्रास होऊ देणार नव्हते, पण दिवस थोडे होते. हो की नाही, ते संपादकांनी ठरवायचं होतं. डॉक्टर आज संध्याकाळी उत्तर घ्यायला येणार होते.

“उत्तर काय आहे, तुम्हाला माहीत आहे?” बाईंनी विचारलं.

“नाही. बाबा एवढंच म्हणाले, ‘त्या दिवशी सांगेन.’ त्यांचं पहिल्यापासून असंच आहे. पेपरात होते तेव्हाही अर्धवट मजकूर कुणाला दाखवायचे नाहीत. कागदावर हात आडवा ठेवून लिहायचे.”

“काँप्युटर नाही म्हणून काय झालं? डोळ्यांनी हो-नाही सांगता येतंच की.”

“येतं. पण आमच्याकडे त्यावरूनच भांडण आहे. अक्षरांची एक पाटी आहे, प्लॅस्टिकची. ती आई बाबांच्या डोळ्यांसमोर धरते आणि नजरेवरून अक्षरं ओळखते, आणि आत्या म्हणते की आई तिला हवं तेच वाचते. डॉक्टर म्हणाले, मला ह्यात पाडू नका, मी त्यांच्या तोंडून ऐकेन. म्हणजे त्या काँप्युटरमधून.”

“मग कुणी केलं हे तरी त्यांना विचारलंत का?”

“काल रात्री सगळ्यांसमोर विचारलं. आत्याने केलं का? शुश्रूषेला येणाऱ्या ब्रदरने? मी? आईने? बाबांनी डोळे वरही केले नाहीत आणि मिटलेही नाहीत. सरळ समोर बघत राहिले. एकाही प्रश्नाला उत्तर नाही.”

बाईंना हे चमत्कारिक वाटलं. एखाद्याला वाचवायचं असतं तर माणूस त्या एका नावाला गप्प बसला असता. निदान बाकीच्या तिघांना तरी मोकळं केलं असतं.

“काँप्युटरची देखभाल कोण करतं?”

“मीच. गेल्या महिन्यात नको त्या फायली काढून टाकल्या. अर्ध्याहून जास्त जागा रिकामी केली होती. अपग्रेडची सूचना रोज यायची, ती मी रोज बंद करायचो. पासवर्ड घरात सगळ्यांना ठाऊक आहे.” मग जरा चाचरत म्हणाला, “आणि तुम्हाला आत्या सांगेलच, म्हणून मीच सांगतो. मला दुसऱ्या गावी नोकरी मिळालीय. बाबांनी नळीला हो म्हटलं तर मी जाणार नाही. म्हणजे बघायला गेलं तर माझ्यावरच पहिला संशय येतो.”

बाईंनी सॅक उघडली. “आधी आवाज वाचतो का ते बघते. आवाजाच्या फायलींची दुसरी प्रत कुठे आहे?”

मुलाचा चेहरा उतरला.

“होती. ती डिस्क काल लावून बघितली. उघडत नाही.”

३

बाईंनी स्वतःचा पेन ड्राइव्ह लावला आणि त्यावरच्या सिस्टिमने काँप्युटर सुरू केला, म्हणजे आतल्या अडकलेल्या सिस्टिमला न छेडता डिस्क बघता येणार होती. पाठीमागे कुणीतरी येऊन उभं राहिलं. बाईंचा हात थांबला.

“माझ्या मागे उभं राहून कुणी बघत असलं की मला साधा शब्द टाइप करता येत नाही,” त्या न वळता म्हणाल्या. “पुढे येऊन बसा. बोलू.”

संपादकांच्या थोरल्या बहिणीने खुर्ची ओढली. घरात सगळे तिला ताई म्हणत. फक्त मुलगा आत्या म्हणायचा. ताठ बसणारी, निवृत्त मुख्याध्यापिका.

“तुम्ही मला विचारणार, तर मीच सांगते,” ताई म्हणाल्या. “मला तो नळी वगैरे प्रकार पसंत नाही. माझ्या भावाने आयुष्यभर कुणाचं ऐकून घेतलं नाही, आणि आता त्याला भिंतीतल्या प्लगला जोडून ठेवायचं? पण म्हणून मी त्याचं तोंड बंद करीन, असं वाटतं का तुम्हाला? उलट तो बोलावा म्हणून मीच इथे ठाण मांडून बसलेय.”

“तुमच्या मते ते काय सांगणार होते?”

“ते त्याच्या बायकोला विचारा. तिला सगळं कळतं.” ताईंच्या आवाजात धार आली. “पाणी हवं, पाठ दुखते, पंखा कमी करा. त्याने बोलायच्या आत ही हजर. येणारे-जाणारे म्हणतात, केवढं प्रेम. असेल बाई. मला मेलीला सख्खी बहीण असून त्याच्या कपाळावरची माशीसुद्धा दिसत नाही वेळेवर.”

“पहिल्यापासून असंच कळतं त्यांना?”

ताई विचारात पडल्या. “नाही. आधी आम्हां सगळ्यांसारखीच चुकायची. हे अलीकडचं. हिवाळा संपल्यापासूनचं.”

स्क्रीनवर फोल्डरांची यादी उमटली. बाईंनी आवाजाचं फोल्डर शोधलं. होतं. त्यांनी ते आपल्या डिस्कवर उतरवायला लावलं आणि पलंगाकडे वळून म्हणाल्या, “आवाज सापडला. नीट आहे.”

संपादकांचे डोळे वर गेले आणि बराच वेळ वरच राहिले. ताईंनी पदराने नाक पुसलं.

तेवढ्यात दारातून कुणीतरी म्हणालं, “मॅडम, काँप्युटर मी बंद केला होता. माझ्यामुळेच गेला तो.”

४

तो ब्रदर होता, दिवसभर संपादकांची शुश्रूषा करणारा. धिप्पाड, निळा सदरा, आणि आत्ता शाळेत पकडलेल्या पोरासारखा उभा. बाईंनी त्याला गॅलरीत नेलं.

“संध्याकाळपर्यंत स्क्रीनवर ते गोल चाकच फिरत होतं,” तो म्हणाला. “साहेबांचा घसा कफाने भरला, आणि त्यांना सांगता येईना. मी घाबरलो. वाटलं, बंद करून चालू करावा. बटण दाबून धरलं. तेव्हापासून हे असं. कुणाला बोललो नाही. वहिनी आधीच म्हणत होत्या, ब्रदरनेच काहीतरी केलं असणार.”

“अपग्रेड तू सुरू केलंस का?”

“नाही हो. आईची शपथ.”

“ते सुरू झालं तेव्हा तू कुठे होतास?”

“इथेच, गॅलरीत. दोरीवरचे कपडे काढत होतो. ताई झोपलेल्या, साहेबांचा मुलगा बाहेरच्या खोलीत फोनवर. मी चादरी घेऊन आत आलो तर स्क्रीन निळी. साहेबांना विचारणार, तेवढ्यात वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या. हात ओलेच.”

“तू हाक मारलीस म्हणून?”

“मी कुठे हाक मारली? माझं तोंड उघडायच्या आधी त्या आल्या.”

बाई गॅलरीच्या कठड्याला टेकल्या. “आणखी काही? गेल्या काही दिवसांत साहेब कधी चिडले होते?”

“एकदा चिडले होते. न्हावी आला तेव्हा. वहिनींनीच फोन करून बोलावलेला. म्हणाल्या, तुम्हालाच केस कापून हवे होते ना? साहेब मला म्हणाले, म्हणजे काँप्युटरमधून म्हणाले, ‘मी हिला कधी बोललो?’ आणि मग दिवसभर एक अक्षर नाही. केस चांगले वाढले होते, मला काही कळलं नाही त्यात रागावण्यासारखं काय आहे ते.” ब्रदरने खाली मान घातली. “त्यानंतर फार कमी बोलायला लागले. नजर स्क्रीनवर असायची, पण ‘बोल’ दाबायचेच नाहीत.”

आतून टिंग असा आवाज आला. बाईंच्या डिस्कवर आवाज उतरून झाला होता. त्या आत गेल्या आणि अपग्रेड का अडकलं ते शोधू लागल्या. कारण साधं निघालं. नवी सिस्टिम बसायला जागाच नव्हती.

मुलाने गेल्या महिन्यात अर्धी रिकामी केलेली डिस्क काठोकाठ भरली होती.

५

कशाने भरली ते लपवलेल्या फोल्डरांत होतं. एक फोल्डर इतकं फुगलेलं होतं की नुसतं उघडायलाच वेळ लागला. आत चित्रं होती, हजारोंनी. नावांच्या जागी तारखा आणि वेळा. बाईंनी त्यातलं एक उघडलं.

ते स्क्रीनचं चित्र होतं. संपादकांची लिहायची जागा, आणि तिच्यात एक अर्धी ओळ :

‘आज सकाळी वाटलं की आता’

बाईंनी ते झटकन बंद केलं. कुणाच्या तरी न्हाणीघराचं दार चुकून उघडावं तसं झालं त्यांना. एक गोष्ट कळली होती. संपादक लिहीत, खोडत, पुन्हा लिहीत, आणि कुणाला ऐकवायचं नसेल तेव्हा पुसून टाकत. ते सगळं कुणीतरी क्षणोक्षणी उचलून नेत होतं. चित्रं टिपणारा प्रोग्रॅम ती लगेच दुसऱ्या कुठल्यातरी मोबाइलवरही पाठवत होता.

त्या स्वयंपाकघरात गेल्या. संपादकांची पत्नी ओट्यापाशी उभी होती. लहानखुरी, चपळ बाई. दोन्ही हातांनी एकाच वेळी दोन कामं करणारी. मसाल्याच्या डब्यांशेजारी भिंतीला टेकवून मोबाइल उभा ठेवलेला होता. बाईंना बघून त्यांनी तो सहज म्हणून पालथा घातला.

“चहा घेणार? बिनसाखरेचा घेता ना? मुलगा म्हणाला.”

“घेईन. काल दुपारी तुम्ही खोलीत धावत गेलात, असं ब्रदर म्हणाला.”

“गेले. काहीतरी वाटलं मला. इतक्या वर्षांच्या संसारात कळतंच माणसाला.” त्यांनी गॅस पेटवला. काडी दोनदा विझली. “तो ब्रदर भला आहे, पण वेंधळा. त्याचाच हात लागला असणार. मी त्याला काही बोलणार नाही. उद्यापासून दुसरा माणूस बघू.”

“आज साहेब काय उत्तर देणार होते, तुम्हाला अंदाज आहे?”

“हो म्हणणार होते,” त्या म्हणाल्या. मग चहाच्या भांड्याकडे बघत, फार हळू, “निदान परवा सकाळी तरी हो होतं.”

बोलून गेल्यावर त्यांना ते जाणवलं. त्यांनी वर पाहिलं. चहा झाल्यावर बाईंनी कप उचलला आणि त्या खोलीत परत गेल्या.

कोण वाचत होतं ते आता उघड होतं. पण मग अपग्रेड कुणी सुरू केलं? वाचणाऱ्याने आपलंच डोकावायचं भोक का बुजवावं?

त्याचं उत्तर फोल्डरातल्या शेवटच्या चित्रात असणार होतं. बाईंनी बाकी एकाही चित्राला हात न लावता तेवढं एक उघडलं.

६

शेवटचं चित्र बघून त्या उठल्या. ताईंना बाहेर पाठवलं, ब्रदरला बाहेर पाठवलं, खोलीचं दार लावलं आणि पलंगाशेजारी खुर्ची घेऊन संपादकांच्या नजरेसमोर बसल्या.

“इथे आता आपण दोघंच आहोत. कुठलाही कॅमेरा चालू नाही, माझा फोन बाहेर आहे. मी बोलते, चुकलं तर डोळे मिटा.”

श्वासाचं यंत्र सुस्कारत होतं.

“शेवटच्या चित्रात अपग्रेडची सूचना आहे. त्यात लिहिलंय, नव्या सिस्टिममध्ये अमुक एक प्रोग्रॅम चालणार नाही, तो काढून टाकला जाईल. नाव अनोळखी आहे. आणि खाली पासवर्डची जागा. पासवर्ड टाकण्यासाठी स्क्रीनवरचा कीबोर्ड उघडलाय. खरा कीबोर्ड इथेच जोडलेला आहे, दोन हातांच्या माणसाने तोच ओढला असता. स्क्रीनवरचा कीबोर्ड ह्या घरात एकाच माणसाला लागतो.”

संपादकांचे डोळे त्यांच्यावर खिळले होते.

“काल त्यांनी तुम्हाला एकेकाचं नाव घेऊन विचारलं, आणि तुम्ही कुणालाच नाही म्हणाला नाहीत. चौघांनाही नाही म्हटलं असतं तर खोलीत उरतं कोण? तुम्हीच. मग का केलं हेही सांगावं लागलं असतं. अपग्रेड तुम्ही सुरू केलंत.”

डोळे वर गेले.

“कुणीतरी वाचतंय, हे तुम्हाला कळलं होतं. न्हाव्याची गंमत तुम्हीच केलीत. केस कापायला हवेत, असं लिहून न बोलता पुसून टाकलंत, आणि न्हावी आला.”

वर.

“आणि हे कुणाला सांगायची सोयच नव्हती. सांगायचं तर त्याच काँप्युटरवर लिहायला हवं. पाटीवर सांगायचं तर पाटी धरणारी तीच.”

ह्या वेळी डोळे वर गेले आणि भरून आले. ओघळलेलं पाणी मास्कच्या कडेपाशी अडलं. बाईंनी रुमाल काढून ते टिपलं. चारही बाजूंनी बंद असलेल्या माणसाला लपायला एवढीच जागा होती, वहीच्या पानाएवढी स्क्रीन, आणि तिच्यातही कुणीतरी येऊन बसलं होतं.

“तुम्हाला वाटलं, तासाभरात होईल आणि तो प्रोग्रॅम आपोआप जाईल. पण त्या चित्रांनीच डिस्क भरली होती. तिथेच अडकलं. सगळ्यांना सांगू का हे?”

डोळे मिटले.

“त्यांना एकट्यांना सांगू?”

सावकाश डोळे वर गेले.

७

“त्यांना सांगू नका,” पत्नी म्हणाल्या. स्वयंपाकघराचं दार त्यांनी स्वतःच लावून घेतलं होतं.

“त्यांना माहीत आहे. आणि त्यांना माहीत आहे, हे तुम्हालाही काल दुपारीच कळलं. तुम्ही इथे उभ्या राहून त्यांना पासवर्ड घालताना बघितलंत. म्हणून तर धावत गेलात, कुणी हाक मारायच्या आत.”

त्या खालीच बसल्या, ओट्याला पाठ टेकून.

“एकदा संध्याकाळी त्यांचा श्वास अडकला,” त्या म्हणाल्या. “त्यांनी लिहिलं होतं, ‘या कुणीतरी.’ पण ‘बोल’पर्यंत नजर नेता आली नाही. मी इथे पोळ्या लाटत होते. ते दोन शब्द तसेच स्क्रीनवर, आणि हे निळे पडलेले. त्यानंतर मी मुलाकडून ते बसवून घेतलं. तो म्हणाला होता, नजरेने वाजणाऱ्या घंटेची सोय झाली की काढून टाकू. घंटा आली. मी त्याला सांगितलं, काढलं म्हणून.”

“पण काढलं नाही.”

“नाही काढलं. तुम्हाला कसं सांगू? माणूस बोलेनासा होतो तेव्हा त्याचं एकेक अक्षर... मला वाटायचं, मी त्यांच्याजवळ आहे. मग ते नळीचं निघालं. ते लिहायचे, ‘नको.’ पुसायचे. लिहायचे, ‘हो.’ पुसायचे. दिवसातून कितीदा. ‘नको’ दिसलं की मी आत जाऊन त्यांच्या पायाशी बसायचे, काही न बोलता. थोड्या वेळाने ‘हो’ यायचं.” त्यांनी तोंडावर हात दाबून धरला. “मी काही केलं नाही हो. नुसती जाऊन बसायचे.”

बाई म्हणाल्या, “ब्रदरची नोकरी जाणार होती.”

“हो.”

“काँप्युटर दुरुस्त होईल. ती चित्रं काढली की जागा होते, मग जुनी सिस्टिम परत उभी राहील. पण तो प्रोग्रॅम मी ठेवणार नाही. चित्रंही ठेवणार नाही. कुणीही सांगितलं तरी.”

पत्नी उठल्या. नळाखाली तोंड धुतलं, दार उघडलं आणि बाहेरच्या खोलीत ताई, मुलगा आणि ब्रदर बसले होते तिथे जाऊन उभ्या राहिल्या. बाईंना वाटलं होतं, त्या काहीतरी सारवासारव करतील.

“ब्रदरने काही केलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “मी ह्यांचं लिहिलेलं चोरून वाचत होते. सगळं. त्यांनी न बोललेलंही. ते बंद व्हावं म्हणून ह्यांनीच ते अपग्रेड सुरू केलं. मला कालच कळलं होतं आणि मी ह्याच्या नावावर ढकललं.” ब्रदरकडे बघून त्यांनी हात जोडले. तो बावचळून उभा राहिला.

ताईंनी तोंड उघडलं, आणि सगळ्यांना आता भडका उडणार असं वाटलं. पण ताई म्हणाल्या, “बस खाली. पाणी पी. आणि उद्यापासून ती पाटी माझ्याकडे दे, मीही शिकते धरायला.”

८

बाईंनी ते फोल्डर पुसलं, परत आणता येणार नाही अशा रीतीने. अडकलेलं अपग्रेड काढून टाकलं. दोनदा स्क्रीन काळी झाली. तिसऱ्यांदा जुनी सिस्टिम आली, तिच्या मागोमाग अक्षरांचे चौकोन आले. कॅमेरा संपादकांचे डोळे ओळखेना, तेव्हा बाईंनी त्यांना स्क्रीनच्या चारही कोपऱ्यांकडे एकेकदा बघायला सांगितलं. स्क्रीनवर एक हिरवा ठिपका उमटला, थरथरला आणि त्यांच्या नजरेमागून चालायला लागला.

पहिलं वाक्य यायला वेळ लागला.

“सगळे बाहेर जा,” संपादकांचा आवाज म्हणाला. “दार ओढून घ्या.”

सगळे बाहेर आले. डॉक्टर आले होते, त्यांनाही बाहेरच बसावं लागलं. पत्नी दाराकडे पाठ करून खिडकीशी उभ्या राहिल्या. मोबाइल त्यांनी मुलाच्या हातात देऊन टाकला होता. हात मोकळे होते, आणि त्या हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. आत काय लिहिलं जातंय, काय पुसलं जातंय, कुणालाच माहीत नव्हतं. इंजिनिअरबाईंचं काम संपलं होतं. सॅक भरून झाली होती, तरी त्या निघाल्या नाहीत.

अखेर आतून घंटा वाजली.

डॉक्टर पलंगाजवळ गेले, बाकीचे दारापाशी थांबले. संपादकांनी ‘बोल’कडे बघितलं.

“नळी बसवा. मला अजून बघायचंय, वाचायचंय आणि ताईशी भांडायचंय. पण एक दिवस मी पुरे म्हणेन. त्या दिवशी मला समजवायला कुणी माझ्या पायाशी बसायचं नाही. डॉक्टर, तुम्ही हे लिहून घ्या.”

“घेतो,” डॉक्टर म्हणाले. “तुमचाच निर्णय ना?”

“पहिल्यांदाच.”

ताई भिंतीकडे तोंड फिरवून उभ्या राहिल्या. त्यांना हे उत्तर नको होतं. डॉक्टर कागद करायला बाहेर गेले, त्यांच्या मागोमाग बाकीचे सरकले. बाईंनी सॅक खांद्याला लावली. जाताना त्यांनी दारातून एकदा मागे पाहिलं.

पत्नी पलंगापाशी आल्या होत्या. स्क्रीन दिसणार नाही अशा बेताने त्या पलीकडच्या बाजूला गेल्या, नवऱ्याचा चेहरा समोर येईल अशा.

“अहो,” त्या म्हणाल्या, आणि अडखळल्या. कित्येक महिन्यांत त्यांनी नवऱ्याला काही विचारलंच नव्हतं. “माझ्यावर फार रागावलात का?”

हिरवा ठिपका अक्षरांवरून फिरू लागला. थांबला, मागे गेला, परत पुढे आला. पत्नींनी मान वळवली नाही.

“थांब,” संपादकांचा आवाज म्हणाला. “लिहितोय.”

त्यांनी स्टूल ओढलं आणि त्या बसून राहिल्या.